सभापतींच्या हातची लस

माझं माहेर पारनेरकडलं, दिलं मला इकडं खर्ड्याच्या अंगाला, आन् दुष्काळ पडला तवा मी आन् माझी धाकटी जाऊ कौसा, दोगी सरकारी कामावर खडी फोडत हुतो. पोरं बाभळीखाली, माझी छबी आन् तिचा बाळू, दोगं रांगती. काय सांगू तुमाला, शेजारच्या वाडीत देवी आल्या, मानसं पटापटा पडाया लागली, म्हनून देवी डॉक्टर सायकलवर लस घेऊन आमच्या कामावर आला. त्यानं बाटलीत पानी घालून लस कालवली, तर मुकादम म्हनला थांब, सभापती येनार हायेत, त्यांच्या हस्ते हुयाचंय. मग काय, बाटली टेबलावर मांडली, हार घातला, नारळ ठिवला, आन् ऊन असलं की खडी हातात धरवंना. सभापती दुपार कलल्यावर आले, लई येळ बोलले, बाळूच्या दंडाला सोता टोचलं, फोटू निघाला. बाकीच्या पोरान्ला डॉक्टरनं टोचलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर परत आला, दंड बघितलं, एकाला बी फोड न्हाई. म्हनला, परत टोचावं लागंल. ही लस मंजी थोरल्या देवीची गरीब बहीन, अंग तिच्याशी झुंजतं, फोड येतो, मग थोरली आली तर अंग तिला वळखून दारातनंच हाकलतं. पर लस उन्हात मेली, अंगानं झुंजायचं कुनाशी? मी म्हनलं, आरं मुडद्या, तवा तुजं तोंड शिवलं हुतं का? तर म्हनतो, नोकरी हाय बाई.

बायका म्हनल्या, दुसऱ्यांदा टोचलं तर देवी कोपती. कौसा तर फुशारली, माझ्या बाळूला खुद्द सभापतीनं टोचलंय, त्याला ह्या सायकलवाल्याचा हात लावून घिऊ व्हय? लई समजावलं, ऐकंना. मी सासूच्या हातातनं छबीला वढून घेतली आन् टोचून आनली. फोड आला, ताप आला, सासू माझ्याशी बोलायची बंद झाली.

मग देवी आमच्याच वस्तीत आल्या. छबीला कायबी झालं न्हाई. बाळू जगला, पर दोनी डोळं गेलं.

परवा सभापती आले हुते, मतं मागाया. बाळूला बघून रुमाल काढला, म्हनले, देवाची करनी. देवाची? बाटली उन्हात देवानं ठिवली हुती व्हय? आन् कौसा त्यांला च्या करून देती! मी शिवी न्हाई दिली. म्हनलं, देवा, ह्यांला उदंड आविश्य दे, डोळं शाबूत ठिव, आन् बाळू भिताड चाचपत चालतो, त्ये रोज ह्यांला बघाया लाव.