मोरीनच्या नावाचं रक्त

केंब्रिजच्या बसमध्ये इमोजेनच्या पुढच्या बाकावर दोन जुळ्या आजीबाई बसल्या होत्या.

“बेरिल, रक्ताच्या रिपोर्टात कॅन्सर नाही म्हणतात. मग माझं वजन का उतरतंय?”

“मला काय विचारतेस, मोरीन? तुझ्या नावानं रक्त मी दिलं. सुई दिसली की तू आडवी!”

“पण जुळ्यांचा डीएनए एकच ना?”

“अक्षरं एकच. पण हे रक्त तपासणारे लोक अक्षरांवरच्या खुणाही सोबतच वाचतात म्हणे.”

“कसल्या खुणा?”

“तू विणकामाच्या नमुन्यावर पेन्सिलीनं करतेस, तशा असतील. नमुना एकच, खुणा ज्याच्या त्याच्या.”

“मग माझ्या कुणी वाचल्या?”

सगळं ऐकत असलेल्या इमोजेननं त्यांना उतरता यावं म्हणून मागून बस थांबवायची घंटी दाबली.

“कुणी दाबली गं?”

“कुणी का असेना. उतर, दवाखान्यात परत जाऊ.”

“आणि सुई?”

“हात मी धरते. दंड मात्र तुझाच.”