मागचं चाक काढायचं म्हणे

...आणि वर ती दुकानवाली बाई मला विचारते, "सायकल चालवताना तुम्हाला नेमकं कसं वाटायला हवंय?" आता काय सांगू मी तिला? जिवंत वाटायला हवंय, बाई. चालवताना आणि उतरल्यावरसुद्धा. एवढीच माफक अपेक्षा. पण शेजारी माझी बायको ग्लेनिस उभी, तिचा चेहरा आधीच पांढराफटक, म्हणून मी आपलं म्हटलं, "बरं वाटायला हवंय." तर म्हणते कशी, "बरं म्हणजे कसं बरं? आमच्याकडे तीन प्रकार आहेत."

आता मी काही भित्रा माणूस नाही. तुम्हाला सांगतो, माउंट गॅम्बियरमध्ये माझं सगळं आयुष्य दाढी-कटिंगच्या दुकानात गेलं, निम्म्या गावाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलाय मी, हात कधी थरथरला नाही. पण गेल्या हिवाळ्यात छातीत कळ आली, अँब्युलन्स काय, स्टेंट काय, सगळं झालं, आणि डॉक्टर परेरा म्हणाल्या, "नेव्हिल, रोज अर्धा तास सायकल चालवायची. नाही चालवलीत तर परत इथंच भेटू." इतक्या शांतपणे म्हणाल्या हो... ओरडल्या असत्या तर एवढी भीती वाटली नसती.

म्हणून सायकल काढली. आणि थोड्याच दिवसांत तळ्याच्या रस्त्यावर पाइनच्या ओंडक्यांनी भरलेली लॉरी माझ्या कोपराजवळून गेली. लागलं काहीच नाही, नुसता वारा लागला. पण त्या वाऱ्यानं मी सायकलसकट चरात. वर आभाळ, तोंडात गवत आणि छातीत धडधड धडधड. आता ही लॉरीची धडधड की ती दुसरी? कळायला काही मार्ग आहे का? मी आपला पडून राहिलो, काय होतंय त्याची वाट बघत. काही झालं नाही. मग उठलो. घरी आलो तर ग्लेनिसनं पँटवरचा चिखल बघितला, सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

म्हणजे पंचाईत बघा. बाहेर गेलो तर लॉरी, नाही गेलो तर डॉक्टर परेरा. शेवटी माझा मित्र केल्विन म्हणाला, "अरे येड्या, घरातच चालव की. ट्रेनर आण. सायकल त्याच्यावर बसवायची आणि जागच्या जागी पाय मारायचे. सोफ्यावरून पडतोस का कधी? मग झालं तर." एवढं सांगितलं त्यानं. ते ट्रेनर दुकानात वापरून बघायला लावतात, हे नाही सांगितलं.

तर ती दुकानवाली, रेलीन तिचं नाव. बाईच्या पिंढऱ्या अशा, की मी नजर वर ठेवूनच बोलत होतो, खाली बघितलं की माझ्याच पायांची लाज वाटायची. तिनं पहिला प्रकार दाखवला. जमिनीवर एक चौकट, तिच्यात तीन आडवे रूळ, आणि रुळांवर सायकल. नुसती ठेवलेली. मी म्हटलं, "हिला धरतं काय?" तर म्हणते, "तुम्ही." मी म्हटलं, "आणि मला?" तर हसली. आणि स्वतः बसून चालवून दाखवलं, हात सोडून, गप्पा मारत, वर बाटलीतून पाणी पीत. "अहो सोपं आहे, नेव्हिल. फक्त समोर बघायचं आणि घाबरायचं नाही."

फक्त घाबरायचं नाही... मी भित्रा माणूस नाही, पण असं कुणी सांगितलं की मला बाकी काही सुचत नाही. बसलो. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं ग्लेनिसचा खांदा धरला, पाय मारले, रूळ फिरायला लागले, आणि रेलीन म्हणाली, "आता भिंत सोडा." सोडली. सायकल डावीकडे, मी उजवीकडे, आणि हेल्मेटांचं अख्खं कपाट माझ्या मिठीत. माझ्या डोक्यावर एकही नाही, अंगावर सगळी.

ग्लेनिस म्हणाली, "हे नको."

दुसरा प्रकार मला आवडला. मागचं चाक दोन बाजूंनी चिमट्यात पकडलेलं, टायर एका छोट्या रुळावर टेकलेला, बास. सायकल कशी, खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी शांत. पाय मारले तर आवाज असा, जणू विमान उठतंय, आणि थोड्या वेळानं रबर तापल्याचा वास. पण हलत नव्हती. मी म्हटलं, "हाच द्या." झालं होतं हो काम. तेवढ्यात रेलीन म्हणते, "आता आलाच आहात तर तिसरा बघून तरी जा."

आणि तिनं सायकलचं मागचं चाक काढलं. सरळ काढून बाजूला ठेवलं. आणि तिथं एक काळं धूड जोडलं, त्याची वायर भिंतीत, माझ्या छातीला पट्टा, आणि पट्ट्याची खबर फोनमध्ये. फोन रेलीनच्या हातात. "हा स्वतःच चढ-उतार करतो," म्हणाली. मी म्हटलं, "कोण स्वतः?" तर तिनं पेडलकडे बोट दाखवलं. पाय मारायला लागलो. छान, आवाज नाही, वास नाही, मला वाटलं आपण उगाचच... आणि तिनं फोनवर बोट फिरवलं.

तुम्हाला सांगतो, दुकान सपाट, जमीन सपाट, आणि माझ्या पायाखाली डोंगर. पेडल जागचं हलेना. मी जोर लावतोय, घाम डोळ्यांत, फोनमधून टिंव टिंव टिंव, ती टिंव टिंव म्हणजे माझं काळीज, भर दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं... आणि छातीत धडधड. तीच. चरातली. मी भित्रा माणूस नाही, पण त्या वेळी मला वाटलं, झालं, संपलं, सपाट जमिनीवर डोंगर चढताना गेला नेव्हिल ट्रेझाइज. मी नुसतं ग्लेनिसकडे बघितलं.

तिनं रेलीनच्या हातातला फोन हिसकावून घेतला. हिसकावूनच. आणि म्हणाली, "कुठे? कुठे दाबायचं?" रेलीननं दाखवलं. ग्लेनिसनं बोट फिरवलं आणि डोंगर विरघळला हो. पाय हलके, टिंव टिंव हळू झाली, हळूहळू नीट वाजायला लागली. मी हँडलवर डोकं टेकलं.

मग ग्लेनिस म्हणाली, "हाच द्या."

मी म्हटलं, "अगं, मरत होतो ना मी आत्ता याच्यावर."

"मरत नव्हतास. दमला होतास. इथं लिहून येतंय." फोनवरून नजर न काढता म्हणाली. "तू तळ्याकडे जायचास ना, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायचे. तू परत वळणावर दिसेपर्यंत. तिथून हलून चहासुद्धा टाकता यायचा नाही. तू चरात पडला होतास तेव्हा मी तिथंच उभी होते, नेव्हिल, आणि मला काही कळायला मार्ग नव्हता. आता कळेल. आणि थांबवता येईल."

मला वाटत होतं, या घरात घाबरलेला माणूस एकच आहे. मी म्हटलं, "बरं. हाच घेऊ." रेलीननं ते धूड स्वतः उचलून आमच्या गाडीत ठेवलं.

आता ते मागच्या शेडमध्ये आहे. रोज सकाळी मी छातीला पट्टा बांधतो, चाक नसलेल्या सायकलवर बसतो, आणि समोर खुर्ची टाकून ग्लेनिस बसते, मांडीवर फोन. सुरुवातीला सारखी विचारायची, "ठीक आहेस ना?" आता विचारत नाही, तिला दिसतंच. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. डॉक्टर परेरा खूश आहेत. चढ किती द्यायचा, उतार कधी द्यायचा, सगळं तिच्या बोटावर आहे, आणि मुख्य म्हणजे तिला आता त्याची गोडी लागलीय...

काल जेवताना मी सहज म्हटलं, भोपळ्याच्या सूपमध्ये मीठ जरा कमी पडलंय. तिनं मीठ माझ्यापुढे सरकवलं. आज सकाळी शेडमध्ये गेलो, सायकलवर बसलो, पहिलं पेडल मारलं, आणि तुम्हाला सांगतो, थेट घाटच लागला.