बघायला गेलाय

हॅलो?… हॅलो?… व्हय, टिळकवाडीच. फोन वकिलांच्या घरचा हाय, खरं मी वकीलीणबाई न्हवं. शेजारची रुक्माक्का… कोण? निपाणी?… आवं मालुबाई! बोला की. आमची शालन कशी हाय?… काय?… ‘आमची’ म्हणायचं न्हाय?

आई गेल्यापासून धाकट्या भावाला, परशरामला, रुक्माक्कानंच वाढवलेलं. तो शिकला, कचेरीत साहेब झाला, आणि दसऱ्याच्या सुमारास तिच्याबरोबर निपाणीला जाऊन मालुबाईंची शालन बघून आला. ‘आक्का, हीच,’ एवढंच बोलला आणि सरकारी हुकमावर विमानात बसला. पोरीकडचा होकार तेवढा यायचा होता. होकाराच्या जागी आला हा फोन.

आवं, पण का?… उद्या कोल्हापूरचा पोरगा बघायला येतोय?… मग आमच्या परशरामचं काय?… कोण म्हणालं?… तुमचा भाऊ, भरमू?… काय म्हणाला?… आमचा परशराम आफ्रिकेत दुसरी पोरगी बघायला गेलाय?

वकीलीणबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

भरमूला कुणी सांगितलं म्हणे?… मी?… आवं, मी कशाला… कुठं? निपाणीच्या स्टँडवर?… अगं बाई!

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. बस सुटता सुटता भरमूनं खालून ओरडून विचारलं होतं, ‘परशराम दिसंना कुठं?’ हिनंही खिडकीतून ठणकावून सांगितलं होतं, ‘आफ्रिकेला गेलाय, बघायला!’ पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत बस फाट्यावर. आणि लग्नाचा पोरगा बघायला गेला म्हटल्यावर काय बघायला, हे आपल्याकडं कोण विचारतंय?

आवं, पोरगी न्हवं, मतदान! मतदान बघायला गेलाय!… न्हाय न्हाय, तो कशाला उभा राहील निवडणुकीला? नामिबिया. ना-मि-बि-या… व्हय, देशाचं नाव हाय ते. आता स्वतंत्र व्हायला लागलाय. सगळ्या लोकांचं पहिलंच मतदान. कुणी दमदाटी करू नये, पेटी पळवू नये म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं देशोदेशीची माणसं बोलावल्यात… व्हय, नुसतं बघायला… आवं, फुकटचा पगार कसा? चार डोळं बघत असलं की चोर बी सरळ चालतोय!… येतोय की आता, मोजणी झाली.

…काय म्हणालात? तिथल्या पोरी काळ्या?… आणि आपण काय दुधानं अंघोळ करून जन्मलोय व्हय, मालुबाई? उगं आपलं कायतरी!… हां… हां, तुमच्यात आल्यावर तोंड उघडलं न्हाय, खरं हाय. पोह्यांना हात लावला न्हाय, ते बी खरं. आवं, त्याच आठवड्यात ट्रेनिंग झालतं त्याचं! निरीक्षकानं बघायचं, बोलायचं न्हाय. कुणाच्या हातचा चहा बी घ्यायचा न्हाय. तेच येड्यानं तुमच्या सोप्यात बसून केलं!… मला काय ठावं? मी तर चिमटं काढून दमले.

…कोण? कोण मधी बोलतंय?… आवं ऑपरेटरसाहेब, इन्नू स्वल्प कोड्री, अजून जरा टाइम द्या! भावाचं लग्न मोडायला लागलंय हितं, आणि तुम्ही टाइम झाला म्हणताय?… हां, द्या. देव तुमचं भलं करो.

मालुबाई, ऐका. पत्र आलंय त्याचं. एक म्हातारी, पहाटेपासनं रांगेत उभी. जन्मात पहिल्यांदा मत दिलं आणि पेटीपाशीच बसली. उठंना. म्हणती, माझं मत आत हाय, मी गेल्यावर त्याच्याकडं बघणार कोण? सगळी हसाय लागली. हा हसला न्हाय. दुभाष्याला म्हणाला, तिला सांग, आज्जी, मी हाय बघायला. तू जा, जेवून घे… तवा उठली बघा… असा हाय वो माझा परशराम. लई जीव हाय माझा त्याच्यावर. बोलायला येत न्हाय त्याला, खरं…

रुक्माक्कानं पदर डोळ्याला लावला. तिकडं कायतरी खडखड झाली.

हॅलो?… कोण?… शालन?… अगं बाई! हळू का बोलतीस?… आई शेजारी उभी हाय? बरं, बरं… अगं ऐक ना. मी विचारते, तू नुसतं व्हय न्हायतर न्हाय म्हण. आईला काय कळायचं न्हाय. उद्याचा कोल्हापूरचा, पसंत हाय?… न्हाय? बरं. आणि आमचा परशराम?… हॅलो?… अगं बोल की, माझा जीव चाललाय हितं!… मोजे? कसले मोजे?… त्याच्या पायात एक निळा आणि एक काळा?… आता गं बया! तो बघायला आलता, आणि बघून घेतलंस तूच व्हय?… मग? चालंल तसला?… काय?… परत म्हण!… व्हय! व्हय म्हणाली!

शेवटचं वकीलीणबाईंसाठी होतं. त्यांनी मेथीची जुडी उंच धरून हलवली.

हां, मालुबाई, बोला… पोरीला काय विचारलं? ते कसं सांगू? मत गुप्त असतंय!… निकाल? निकाल सांगते की. कोल्हापूरला तार करा, येऊ नका म्हणावं. आणि हळद दळून ठेवा… रडू नका वो, मला बी रडू येतंय… ठेवा, ठेवा.

…हॅलो? अजून कोण हाय?… ऑपरेटरसाहेब! तुम्ही ऐकत होता व्हय?… सगळं?… लाडू?… आवं, निरीक्षकानं चहा बी प्यायचा नसतोय, लाडू कुठला!… काय? तुम्ही लाइन तोडली न्हाय म्हणून निकाल लागला?… ते बी खरंच की… बरं, चार घ्या. ठेवते!