मधात उभी

हसता काय बायांनो, दिघोरीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या नाटकात माहा जीवच गेला होता. नाटकात नवरा बायकोच्या भावाले कुऱ्हाडीनं मारते, अन् ती मुकाट बाजूले होते. बायको मी, नवरा माहा खराच नवरा, भाऊही सख्खा. वावराच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणापासून दोघं एकमेकाशी बोलत नव्हते.

ह्यांनी कुऱ्हाड उगारली. पाहिलं, तं लाकडी नाही, घरची! मी जागची हललीच नाही.

हे दात खाऊन बोलले, "हट न!"

मागून भाऊ पुटपुटला, "ताई, हट. मी बी रिकाम्या हातानं नाही आलो."

वळून पाहिलं, तं त्याच्या कमरेले विळा.

पडदेवाल्यानं घाबरून पडदा पाडला. लोकायनं टाळ्या वाजवल्या.

नाटक कवाच संपलं. मी अजून मधातच उभी आहो.