भिंतीपलीकडची सहा माणसं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे फोरमनकाका, पहिल्या रांगेतल्या काकू आणि वर्कशॉपमधल्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. टंगस्टनच्या एका सळीला टोक काढायला काकांना तेवढी लागतातच, तेव्हा तक्रार नाही.

या सळीनं करतात त्या टिग वेल्डिंगमध्ये आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटवायच्या तीन तऱ्हा. एक, सळी काडेपेटीच्या काडीसारखी धातूवर घासायची. सोपं, पण टोकाचा कण जोडात अडकतो. दुसरी हाय फ्रिक्वेन्सी. बटण दाबलं की न टेकताच ठिणगी उडी घेते. तिसरी लिफ्ट, हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. काकू, हसताय ना? घरीसुद्धा हेच ऐकत असाल!

चार वर्षांपूर्वी एका डायलिसिस केंद्रात शुद्ध पाण्याच्या स्टीलच्या पाइपाचा जोड गळायला लागला. मी आणि काका गेलो. पाइप रिकामा केलेला, दुपारचे पेशंट बाहेर बाकांवर खोळंबलेले आणि मॅनेजर सारखे घड्याळ दाखवणारे. मी मशीन हाय फ्रिक्वेन्सीवर लावलं, बटणावर बोट ठेवलं. तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"भिंतीपलीकडे कोण आहे?"

"मला काय ठाऊक?"

"मग बघून ये."

मी तणतणतच गेले. पलीकडे, पाण्याच्या दुसऱ्या लाइनवर, सहा माणसं यंत्रांना जोडलेली होती. एका आजींचे डोळे मिटलेले, नळीतून रक्त फिरतंय. त्या ठिणगीनं जवळची इलेक्ट्रॉनिक यंत्रं गडबडू शकतात, हे परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते!

परत येऊन मुकाट्यानं लिफ्टवर लावलं. टोक चिकटलं. घासून पुन्हा टोक काढलं, पुन्हा चिकटलं.

"अहो, त्या झटपट पद्धतीनं करा ना!" मॅनेजर म्हणाले.

"साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या," काका म्हणाले. मग मला, हळूच, "रेटू नकोस. झोपलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावतेस ना, तेवढंच."

तिसऱ्यांदा आर्क पेटला. जोड बसला, पाणी तपासून झालं आणि संध्याकाळी बाकांवरची माणसं आत गेली.

आठवड्यानं केंद्राचं पत्र आलं: 'आपल्या वेल्डरबाईंच्या दक्षतेमुळे...' आणि पुढे माझं नाव. काकांनीच ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं, पहिली टाळी त्यांचीच. आणि मी? मी उभी राहून त्या टाळ्या घेतल्या. पुढे त्याच पत्रावर बढतीही घेतली. काका एका शब्दानं बोलले नाहीत.

अध्यक्ष महोदय, ते पत्र मी आज आणलं आहे. माझं नाव खोडून तिथे काकांचं लिहिलंय. शाल देताना तेही त्यांच्या हाती द्यावं, एवढी विनंती.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चार वर्षं बोलले नाही, त्याची माफी मात्र मी काकांकडेच मागते.