धवळीची तालीम

तुम्ही हसा खुशाल, पण तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात धवळीला रिंगणात मीच फिरवणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. धवळी म्हणजे आमच्या कॉलेजच्या युवा मंडळाने हिंगणीहून आणलेली गवळाऊ जातीची कालवड. नियम साधा होता. जनावर बिथरलं किंवा कासरा हातातून सुटला, की गुण कापले.

"तू त कुकरच्या शिट्टीले भेतं," मैत्रीण प्रतीक्षा म्हणाली. "कालवड काय सांभाळशीन?"

"तू फक्त ताट वाजव," मी म्हटलं.

महिनाभर तिने रोज धवळीच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट बडवलं. आठवड्याभरात धवळीने कान हलवणंही सोडलं. मी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत दचकत होते, पण कासरा सोडत नव्हते.

प्रदर्शनात आमची फेरी निम्मी झाली आणि लाउडस्पीकर असा काही किंचाळला, की मी हातभर उडाले. कासरा खाली पडला. धवळी जागची हललीसुद्धा नाही, नुसती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी कासरा उचलला आणि फेरी पूर्ण केली.

परीक्षक होते गुरांचे एक निवृत्त डॉक्टर. त्यांनी विचारलं, "कालवड कोनं शिकवली, पोरी?"

"मी, सर."

"मंग आता तिच्यापाशी शिकवणी लाव."

दुसरा नंबर आला. पुढच्या वर्षी पहिलाच घ्यायचा आहे. म्हणून प्रतीक्षा अजूनही रोज ताट बडवते, फक्त आता माझ्या मागे. धवळी समोर रवंथ करत बघत असते.