अकराची मेल

हसू नका रे, त्या कॉम्प्युटरच्या मेलनं मला अठ्ठ्याऐंशी सालीच म्हातारं केलं. अंधेरीच्या आमच्या ऑफिसातून चाळीस कॉलेजांना एकच पत्र पाठवायचं होतं. आमचं मशीन रोज अकराला फोन लावायचं, आणि पलीकडचं मशीन आमच्यासाठी फक्त दहा मिनिटं मोकळं असायचं. परिषद आठवड्यावर आलेली आणि पत्र चार दिवस जाईना. यादीतला एकेक पत्ता तपासला, केबल बदलली, मोडेम बदलला. रोज तेच, लाइन एंगेज.

पाचव्या दिवशी वैतागून बाहेरच्या खोलीत आलो, तर आमच्या टेलिफोन ऑपरेटर पेडणेकर बाई फोनवर.

"कोण आहे?"

"बांद्र्याच्या हेड ऑफिसातून साहेब. रोज अकराला करतात ना, मेल गेली का विचारायला."

अकराची वेळ मीच साहेबांना सांगितली होती. मी फोन घेतला.

"साहेब, मेल याच लाइनवरून जाते. तुम्ही फोन ठेवा, मग जाईल."

"अरे, मी फोनवर बोलतोय, तुझ्या कॉम्प्युटरला कुठे हात लावलाय?"

शेवटी दुसऱ्या दिवशी बस पकडून बांद्र्याला गेलो आणि फोन आणि मोडेमची एकच तार कागदावर काढून दाखवली. साहेबांना एकदम पटलं.

"असं होय! म्हणजे मी अकराला फोन करायचा नाही."

"हो साहेब, एवढंच."

अकराला एक मिनिट होतं. साहेबांनी रिसीव्हर उचलून नंबर फिरवायला घेतला.

"साहेब, काय करताय?"

"पेडणेकर बाईंना सांगतो, आज माझा फोन येणार नाही म्हणून."